साहित्य या नांवाचा इतिहास

मराठी घरांत 'साहित्य' हा शब्द प्रथम कानीं पडतो तो ग्रंथालयांत नव्हे, तर स्वयंपाकघरांत किंवा देवघरांत. पुरणपोळीचें साहित्य, पूजेचें साहित्य, गवंड्याचें साहित्य. जें एकत्र आणून ठेवल्यावांचून काम सुरू होत नाहीं तें साहित्य. मूळ शब्द 'सहित', आणि त्यापासून झालेलें भाववाचक नाम म्हणजे साहित्य, असें व्याकरण सांगतें. सोबत असणें, एकत्र येणें, इतकाच त्याचा अर्थ. मग कविता, नाटक, कादंबरी, बखर या सर्वांस हेंच नांव कसें मिळालें, आणि तें मिळण्यापूर्वीं त्यांस कोणत्या नांवानें ओळखीत असत, हा प्रश्न वरवर पाहतां कोशकारांचा वाटेल. तो तेवढाच नाहीं. ज्या काळीं जें नांव प्रचलित होतें, त्यानें कोणती पोथी रेशमी रुमालांत बांधावयाची व कोणती माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन करावयाची हें ठरविलें आहे. विद्वानांच्या सभेंत पाट कोणास मांडावयाचा हेंही त्यानेंच ठरविलें आहे.

संस्कृत पंडितांनीं या विषयाचा ऊहापोह सुमारें हजार वर्षें केला. त्यांचा शब्द 'काव्य' हा होता, आणि त्यांत गद्य व पद्य हीं दोन्ही येत. केवळ छंद जुळला म्हणजे काव्य झालें, असें त्यांतील जाणत्यांनीं मानलें नाहीं. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला काश्मीरचा भामह याचें म्हणणें साधें आहे : शब्द आणि अर्थ हे दोघे मिळून काव्य. पण एवढें सांगून तो थांबला नाहीं. सूर्य मावळला, चंद्र प्रकाशूं लागला, पांखरें घरट्यांकडे निघालीं, अशा तऱ्हेच्या बोलण्यास काव्य कां म्हणावें, ही तर नुसती वार्ता झाली, असा त्याचा आक्षेप आहे. शब्द आहेत, अर्थही आहे. परंतु दोहोंच्या भेटींत कांहीं खुबी नाहीं.

आतां गंमत अशी कीं, पुढें सुमारें चारशें वर्षांनीं त्याच काश्मिरांत मम्मटानें आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथांत सूर्य मावळल्याचें हेंच बोलणें उदाहरणादाखल घेतलें, आणि तें निरनिराळ्या माणसांच्या संदर्भांत ठेवून पाहिलें. सेनापतीच्या कानीं त्याचा अर्थ, शत्रूवर तुटून पडण्याची वेळ झाली. मजुराच्या कानीं, काम थांबविण्याची. गुराख्याच्या कानीं, गुरें आंत घेण्याची. व्यापाऱ्याच्या कानीं, मांडलेला माल आवरण्याची. धार्मिकास संध्येची आठवण होते, आणि वाट पाहत बसलेल्या स्त्रीस तो अजून आला नाहीं एवढेंच ऐकूं येतें. शब्द तेच, उघड अर्थही तोच. पण सुचलेले अर्थ पाहावे तितके. मम्मटानें या वाक्यास श्रेष्ठ काव्य म्हटलें असें नव्हे. तथापि भामहाच्या काळीं जी नुसती वार्ता होती, तींत एवढें धन दडलेलें आहे हें दिसण्यास मध्यंतरीं ध्वनीचा सिद्धांत जन्मास यावा लागला. तो मांडणारा आनंदवर्धन नवव्या शतकांत काश्मीरचा राजा अवंतिवर्मा याच्या काळीं झाला. आणि येथें मराठी माणसानें मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. सूचित अर्थाचे दाखले शोधतांना हा थोर पंडित केवळ संस्कृत महाकाव्यांवर विसंबला नाहीं. त्यानें प्राकृत गाथांकडे हात पसरला. हालाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत शेतकरी, पांथस्थ, घरधनीण, सासू, नणंद, नदीकांठ यांचें जें बोलणें महाराष्ट्री प्राकृतांत आलें आहे, तशा बोलण्यावर काव्याच्या त्या अत्युच्च सिद्धांताचा पाया घातला गेला.

बाकीच्या पंडितांचे वाद येथें थोडक्यांत आटोपावे हें बरें. वामनानें रीति हा काव्याचा आत्मा ठरविला. मम्मटानें काव्याचे शब्दार्थ निर्दोष असावे म्हटलें, तेव्हां विश्वनाथानें चौदाव्या शतकांत हटकलें कीं, अगदीं निर्दोष असें कांहीं सांपडणेंच कठीण. विश्वनाथानें स्वतः रसयुक्त वाक्य तेवढेंच काव्य म्हटलें, तर सतराव्या शतकांत शहाजहानच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ पंडितानें विचारलें कीं, मग ज्या महाकवींनीं पाण्याच्या लोंढ्यांचीं व माकडांच्या खेळांचीं वर्णनें केलीं, त्यांस बाहेर काढावयाचें काय? यांपैकीं पुष्कळसें घटपटाची खटपट या सदरांत जाईल. परंतु जगन्नाथाच्या प्रश्नांत एक तत्त्व आहे. व्याख्या आधीं बांधून कृतींस तिच्या मापानें कापूं नये; थोर कृति आधीं पाहाव्या आणि व्याख्या त्यांस पुरेल अशी विणावी, असें त्याचें मन सांगत होतें.

या सर्वांत अगदीं निराळ्या वळणाचा ग्रंथकार म्हणजे राजशेखर. हा इसवी सन ९०० च्या सुमाराचा. कनोजच्या महेंद्रपाल राजाचा गुरु, आणि स्वतः नाटककार. त्याचें कुल यायावर, आणि त्याचा पणजोबा अकालजलद यास 'महाराष्ट्रचूडामणि' अशी पदवी तो देतो. पत्नी अवंतिसुंदरी ही चाहमान कुळांतील. तिच्या इच्छेवरून त्याचें 'कर्पूरमंजरी' हें प्राकृत नाटक रंगभूमीवर आलें. त्यानें 'काव्यमीमांसा' नांवाचा अठरा अधिकरणांचा प्रचंड ग्रंथ योजिला होता. त्यांतील पहिलें अधिकरण तेवढें आज हातीं आहे. तें १९१६ सालीं बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून छापून निघालें.

या ग्रंथांत राजशेखरानें एक कथा रचून घातली आहे. पुत्राच्या इच्छेनें सरस्वतीनें हिमालयावर तप केलें, आणि ब्रह्मदेवाच्या वरानें तिला काव्यपुरुष हा मुलगा झाला. जन्मतांच तो छंदांत बोलला. आईनें त्याचें कौतुक केलें तें असें : शब्द आणि अर्थ हें तुझें शरीर, संस्कृत हें मुख, प्राकृत हे बाहू, अपभ्रंश ही कंबर, पैशाची हे पाय, आणि रस हा आत्मा. पुढें एकदां आईनें बरोबर नेलें नाहीं म्हणून हा मुलगा रुसून निघाला. त्यास बांधून ठेवील असें प्रेमावांचून दुसरें बंधन नाहीं, हें ओळखून गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली व तिला त्याच्या मागें पाठविली. ती त्याच्या पाठोपाठ पूर्वेस गेली, पांचाळांत गेली, अवंतींत गेली. प्रत्येक देशीं तिचा वेष, तिचें नृत्य, तिचें बोलणें बदलत गेलें, आणि तसतसें त्याचें मन तिच्याकडे अधिकाधिक ओढलें गेलें. दक्षिणेंत आल्यावर तो तिच्या पूर्ण स्वाधीन झाला, आणि विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत दोघांचा गांधर्व विवाह झाला.

हें वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. एके काळीं तेथें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन यानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचिलें होतें. आनंदवर्धनानें त्याची वाखाणणी केली आहे. काव्य मात्र नष्ट झालें, इतरांच्या ग्रंथांतील उताऱ्यांवरूनच तें कळतें. काव्य आणि साहित्य यांचें लग्न लावण्यास राजशेखरानें हेंच गांव निवडलें तें उगाच नव्हे.

कथा बाजूस ठेवली तरी राजशेखराची वांटणी स्पष्ट आहे. जें जें वाणीनें घडलें तें वाङ्मय. त्याचे दोन भाग : शास्त्र आणि काव्य. आणि शब्द व अर्थ यांच्या यथायोग्य सहवासाची जी विद्या ती साहित्यविद्या. आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दंडनीति या चार प्रसिद्ध विद्यांच्या पंक्तीस बसणारी, किंबहुना त्यांचें सार असणारी, पांचवी विद्या. म्हणजे राजशेखराच्या लेखीं 'साहित्य' हें पुस्तकांच्या ढिगाचें नांव नव्हतें. पुस्तकें झालीं वाङ्मय. साहित्य हें त्यांतील शब्दार्थांच्या संसाराचें नांव. त्याच्यानंतर थोड्याच काळानें कुंतकानें हा संसार अधिक बारकाईनें वर्णिला : शब्दानें अर्थावर आणि अर्थानें शब्दावर मात करण्याची चढाओढ चालवावी, आणि कोणीही कमी पडूं नये, तें साहित्य. कुंतकाचा 'वक्रोक्तिजीवित' हा ग्रंथ कित्येक शतकें नाहींसा झाल्यासारखाच होता. सुशीलकुमार डे यांनीं त्याचे पहिले दोन उन्मेष १९२३ सालीं कलकत्त्याहून प्रसिद्ध केले, तेव्हां तो जगासमोर आला.

परंतु राजशेखराच्या ग्रंथांतील अत्यंत मोलाचें प्रकरण कोणतें म्हणाल, तर राजानें कविसभा कशी भरवावी हें. मध्यें राजाचें आसन. उत्तरेस संस्कृत कवि, आणि त्यांच्या मागें वेदज्ञ, तार्किक, पौराणिक, वैद्य, ज्योतिषी. पूर्वेस प्राकृत कवि, आणि त्यांच्या मागें नट, नर्तक, गायक, वादक. पश्चिमेस अपभ्रंश कवि, आणि त्यांच्या मागें चितारी, जडावकाम करणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेस पैशाची भाषेचे कवि, आणि त्यांच्या मागें गणिका, दोरावर नाचणारे, मल्ल, शस्त्रोपजीवी. ही मांडणी समतेची नव्हे हें सांगावयास नको. कोणाच्या शेजारीं कोण, यावरून भाषेची पायरी उघड होते. पण सभा एकच आहे, आणि लोहारासही तींत जागा आहे. याच ग्रंथांत राजशेखर आणखी असें सांगतो कीं, पुरुषांप्रमाणें स्त्रियांनींही कवि व्हावें. प्रतिभेचा संस्कार आत्म्यावर होतो, आणि तो स्त्री-पुरुष भेद जाणत नाहीं. एका वादाच्या मुद्द्यावर तर तो इतर आचार्यांच्या मतांबरोबर आपल्या पत्नीचें मत नांवानिशीं नोंदवितो. ग्रंथांत पत्नीस आचार्यांच्या रांगेस बसविणारा असा दुसरा शास्त्रकार सांपडणें कठीण.

मराठींत ग्रंथरचना सुरू झाली ती मात्र या सभेच्या बाहेर. इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या होत्या त्यांस विचारून विचारून जमविल्या, आणि 'लीळाचरित्र' तयार झालें. स्वामी काय बोलले, कोठें बसले, भिक्षेस काय मिळालें, हें जसें घडलें तसें टिपून ठेवणें हाच त्याचा हेतु. पंडितांच्या मापानें यास काव्य कोण म्हणता? भामहानें तर वार्ता म्हणूनच सोडून दिलें असतें. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपि नांवाच्या सांकेतिक अक्षरांत लिहिले, आणि सहा शतकें ते पंथाबाहेरच्या वाचकांस बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे व विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीनें ती लिपि उलगडली, आणि १९३६ पासून हरि नारायण नेने यांनीं 'लीळाचरित्र' नागपुराहून छापावयास घेतलें. आज मराठी गद्याचा इतिहास त्याच्यापासून सुरू होतो. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मराठी वाचकास इतक्या उशिरां भेटला, हें लक्षांत घेतलें म्हणजे नशीब कोणत्या धाग्यावर लोंबत होतें हें कळतें.

बखरींचें व पोवाड्यांचें नशीब याहून फारसें निराळें नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस राजारामाच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिलें, तें धन्यास हकीकत कळावी म्हणून. काव्य म्हणजे मोरोपंत व वामनपंडित, अशी ज्या काळीं समजूत होती, त्या काळीं असल्या हकीकती दप्तरांत पडून राहिल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक काढलें, तेव्हां त्यांनीं नांवांतच काव्य व इतिहास यांची मोट बांधली. दहा वर्षांत सान्यांनीं एकामागून एक बखरी छापून मोकळ्या केल्या. पोवाड्यांस त्याहून उशीर झाला. ते शाहिरांच्या व गोंधळ्यांच्या तोंडीं होते. ॲकवर्थ नांवाचा एक इंग्रज अधिकारी व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ते जमवून १८९१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. अफझलखानाच्या वधाचा आणि सिंहगडचा पोवाडा शिवकालाच्या इतक्या जवळचा असूनही, त्यास छापखाना दिसावयास दोनशें वर्षांहून अधिक काळ गेला.

याच १८७८ सालीं, ११ मे रोजीं, महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास हिराबागेंत सभा भरली. तिचें नांव ग्रंथकार सभा. नांव ध्यानांत घेण्याजोगें आहे : काव्य नाहीं, साहित्य नाहीं, ज्यानें ग्रंथ केला तो सभासद. वरवर पाहतां यापेक्षां उदार व्याख्या दुसरी नसेल. वैद्यकावर लिहिणारा आणि कादंबरी लिहिणारा एकाच सतरंजीवर बसूं शकत होता. पण १८८५ सालीं दुसरी सभा भरावयाची होती तेव्हां तिचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें, आणि त्यांनीं तें नाकारलें. त्यांचें उत्तर त्या वर्षीं जूनमध्यें 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आलें. जे लोक सर्व मनुष्यांचे हक्क मोकळ्या मनानें मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांशीं व त्यांच्या पुस्तकांशीं आपल्या लोकांच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाहीं, असा त्याचा आशय.

कित्येकांस हा आडमुठेपणा वाटला असेल. परंतु फुल्यांच्या पदरीं अनुभव होता. १८५५ सालीं त्यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून दक्षिणा प्राईझ कमिटीपुढें ठेवलें होतें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ सालचें, आणि कित्येक पिढ्या मराठीचें पहिलें स्वतंत्र छापील नाटक म्हणून विद्यार्थी त्याचेंच नांव पाठ करीत आले. 'तृतीय रत्न' छापलें गेलें तें १९७९ सालीं 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकांत. एकशें चोवीस वर्षें तें कागदांतच राहिलें. गर्भवती कुणबीण व तिचा नवरा यांस जोशी कसा नाडतो, असा त्याचा विषय. भाषा कुणब्याची, मध्येंच विदूषक येऊन बोलतो. तें नाटक ग्रंथ नव्हतें काय? होतेंच. ग्रंथकार हा शब्द सर्वांस मोकळा होता. हस्तलिखित कोणाच्या टेबलावरून पुढें जावयाचें, तें टेबल मात्र मोकळें नव्हतें. फुल्यांचा नकार या भेदावर बोट ठेवणारा आहे, आणि मराठींत साहित्य कशास म्हणावें या चर्चेंतील तो एक पायाभूत लेख मानावयास हरकत नाहीं, मग तो केवळ पत्र असो.

ग्रंथकार सभेचें पुढें संमेलन झालें, आणि १९०६ सालीं पुण्यास जी संस्था स्थापन झाली तिनें महाराष्ट्र साहित्य परिषद हें नांव घेतलें. बंगालमध्यें १८९३ सालीं इंग्रजी नांवानें निघालेली एक संस्था १८९४ सालींच बंगीय साहित्य परिषद झाली होती. मराठींत हा शब्द एकदम एकछत्री झाला असें नाहीं. भाव्यांनीं आपल्या इतिहासास 'महाराष्ट्र सारस्वत' म्हटलें. १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत महानुभावांस त्यांनीं जागा दिली. पांगारकरांचा इतिहास १९३२ पासून निघूं लागला तो 'मराठी वाङ्मयाचा' म्हणून. सारस्वत शब्दांत देवीचा प्रसाद आहे, वाङ्मय शब्दांत व्याप्ति आहे. शेवटीं टिकला तो साहित्य. राजशेखराची 'काव्यमीमांसा' परिषदेच्या स्थापनेनंतर दहा वर्षांनीं छापली गेली, हें पाहिलें म्हणजे ज्यांनीं हें नांव ठेविलें त्यांतील बहुतेकांनीं वाशीमच्या त्या लग्नाची हकीकत वाचलेलीच नसणार. शब्दाचा अर्थही तोंवर पालटला होता. शब्दार्थांच्या सहवासाची विद्या मागें पडून, त्या सहवासानें घडलेल्या सर्व लेखनाचें तें नांव झालें होतें.

१९५४ सालीं दिल्लीस साहित्य अकादमी स्थापन झाली, आणि पुढील वर्षापासून तिचीं पारितोषिकें सुरू झालीं. मराठीचें पहिलें पारितोषिक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथास मिळालें. १९५६ सालीं बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या टीकाग्रंथास, १९५८ सालीं चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्रास, आणि १९५९ सालीं ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्र' या ग्रंथास. कादंबरीची पाळी १९६० सालीं खांडेकरांच्या 'ययाति'नें आली. शास्त्र वेगळें आणि काव्य वेगळें, ही राजशेखराची भिंत येथें सरकारमान्य रीतीनें पडली. आणि तीही इतक्या शांतपणें कीं, भिंत पडल्याचा आवाज फारसा कोणास आला नाहीं.

दुसरी एक भिंत मात्र लिहिणाऱ्यांच्या हातून पडणारी नव्हती, कारण ती लेखनाचीच होती. ग्रंथ, वाङ्मय, साहित्य हे सर्व शब्द व्यवहारांत लिहिलेल्या अक्षरास चिकटून राहिले. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्या शेतांत, घरांत काम करतां करतां गाणीं रचीत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त तीं उतरवून घेत. १९५१ च्या डिसेंबरांत त्या वारल्या. सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांस दाखविली, आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं. कवयित्रीस तें पुस्तक पाहावयास मिळालें नाहीं.

बहिणाबाईंस सोपानदेवांसारखा कवि-पुत्र होता. जिला तसा कोणी नव्हता तिची ओवी जात्याबरोबर थांबली. आणि पिठाची गिरणी गांवोगांव आल्यावर जातेंही थांबलें. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या नांवानें अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. त्यानंतर पुण्यास हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली आहे. २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणासह लोकांपुढें येत आहेत, आणि ओवीबरोबर गाणारणीचें नांव व तिचें गांव लिहिलेलें असतें.